फांटल डॉक्टरांच्या आवाजातली खरखर

६ नोव्हेंबर, गुरुवार

राजवर्धन साहेब कॅसेटी देऊन गेले. कापडी पिशवीत होत्या आणि पिशवीवर झेंडूचा हार होता. कॅसेटींना हार घालणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. टेपला ओल लागू नये म्हणून ते गेटबाहेर पडताच हार गाईपुढे टाकला.

स्मारक समितीचं माहितीपत्रकही दिलं. पहिल्या पानावर राजवर्धन साहेब, दुसऱ्यावर त्यांचे वडील, तिसऱ्यावर ज्यांचं स्मारक ते हुगो फांटल. ब्रनो नावाच्या शहरातले ज्यू, जनावरांचे डॉक्टर. हिटलरपासून पळून १९३९ साली बोटीने मुंबईला आले. पुढे जत संस्थानात मेंढ्यांच्या रोगांवर काम केलं आणि तिथेच राहिले. चाळिशीनंतर मराठीत लिहायला लागले. पाच पुस्तकं. मृत्यू १९८८. जतजवळच्या त्यांच्या घराचं आता स्मारक होणार आहे. तिथे काचेची खोली असेल, पाहुण्यांनी हेडफोन लावून लेखकाचा आवाज ऐकायचा.

तो आवाज 'स्वच्छ, दमदार आणि प्रेरणादायी' करून द्यायचं काम माझं. स्वच्छ करता येईल. बाकीच्या दोन गोष्टींसाठी माझ्याकडे यंत्र नाही, असं म्हटलं. ते हसले. त्यांना तो विनोद वाटला.

ही वही कामाच्या नोंदीसाठी आहे. मन मोकळं करण्यासाठी नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

कॅसेटींवर बुरशी. घरातल्या साध्या टेपरेकॉर्डरवर केलेलं ध्वनिमुद्रण. प्रत्येक बाजू पुसून एकदाच वाजवली आणि जशीच्या तशी उतरवून घेतली. मूळ प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवली, तिला हात लावायचा नाही. पुण्यातल्या स्टुडिओत माझ्यावर हसायचे यावरून. हसणाऱ्यांपैकी दोघांनी पुढे गिऱ्हाइकांची मुद्रणं घालवली.

डॉक्टर कंटाळवाणे आहेत. मराठी जतच्या बाजूची, 'हाय', 'न्हाई', 'कवा', त्यात घशातून काढलेला र. एक वाक्य बोलतात आणि थांबतात. परत एक वाक्य, परत थांबतात. जवळजवळ एक तृतीयांश वेळ हा माणूस गप्प आहे. लेखक म्हणून नाव झालं की आपली शांततासुद्धा लोकांना हवी असते असं वाटत असावं.

शिवाय एक दोष. प्रत्येक वाक्यानंतर एक बसका, दबका आवाज येतो, दोनशे हर्ट्झच्या जरा खाली. टेपरेकॉर्डर पाटावर ठेवून बोलत असतील आणि पाटाला गुडघा लागत असेल.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जेवताना पुन्हा ती गोष्ट सुरू केली. लष्करात असताना बर्फातून चाललेली तुकडी, पुढे अर्जुना नावाचा जतचा हवालदार, मागे अण्णा. "आमी पुलापाशी आलो," असं म्हणून थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले. दर वेळी तिथेच थांबतात. मग ताट उचलून मोरीत ठेवतात. सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस एक गोष्ट पुरी करू शकत नाही. स्मरणशक्तीची तपासणी करून घ्यायला हवी. सांगलीत चौकशी करते.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी अनोळखी नंबर. मंगल नावाच्या बाई, जतच्या बाजूच्या, धनगर. त्यांची आई हरणाबाई डॉक्टरांकडे पहिल्यापासून होती. मेंढ्यांचं बघायची, भाकरी करायची. तिचा नवरा मंगलबाई पाळण्यात असतानाच वारला. मायलेकी डॉक्टरांच्या अंगणातल्या खोलीत राहिल्या. सगळं एका दमात सांगितलं, आणि मग विचारलं:

"त्या क्याशेटीत माज्या आईचा आवाज हाय का?"

नाही म्हणून सांगितलं. सगळ्या बाजू मी पूर्ण ऐकल्या आहेत, बोलणारा माणूस एकच आहे.

"आईचा फोटू न्हाई आमच्याकडं. आदारकार्ड निगायच्या आदीच गेली. मला वाटलं, त्यात आसंल."

मी पुन्हा नाही म्हटलं. अशा वेळी 'बघते' म्हणायची पद्धत आहे. ती मला पसंत नाही.

माहितीपत्रकात हरणाबाईचं नाव नाही. तिथे लिहिलंय, 'आजन्म एकाकी राहून साहित्यसाधना केली.' बाईंना स्मारकात काही हक्क दाखवायचा असेल, म्हणून पुरावा शोधत असतील. शक्य आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

साफसफाई पूर्ण. त्या बसक्या आवाजाचा नमुना सॉफ्टवेअरला दिला, त्याने सगळीकडून तो वेचून काढला. मधल्या रिकाम्या जागा कापल्या. डॉक्टर आता आकाशवाणीवरच्या बातम्यांसारखे बोलतात. स्वतःवर खूश आहे. क्वचित होते, म्हणून नोंदवते.

मजकूर मात्र मी समजले होते तसा नाही. साताऱ्याची एक अख्खी बाजू आहे. जर्मन बोलतो म्हणून इंग्रजांनी या माणसाला शत्रू ठरवलं आणि साताऱ्यात नजरकैदेत ठेवलं. हिटलरला भिऊन पळालेले आणि हिटलरवर प्रेम करणारे एकाच आवारात. 'ज्याच्यापासनं पळालो त्याच्याच शेजारी खाट मिळाली,' असं म्हणतात. आई-वडिलांना पाठवलेलं पाकीट तिथेच परत आलं, पत्ता बरोबर असूनही. त्यानंतर थांबतात. थांबणं इथे लांब होतं. तेही कापलं.

माहितीपत्रकात सातारा नाही. 'महाराष्ट्राच्या मातीने आईच्या मायेने कुशीत घेतले' असं आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मलकापूरला राजवर्धन साहेबांच्या संस्थेत जाऊन फाइल दिली. समितीचे चार जण चहा पीत बसले होते. हेडफोन कोणीच लावला नाही, मोबाइलच्या स्पीकरवर ऐकलं.

सूचना आल्या. मागे बासरी हवी. 'न्हाई' आणि 'हाय' थोर साहित्यिकाला शोभत नाही, एआयने शुद्ध करता येईल का? मी म्हटलं, येईल, पण मग तो माणूस फांटल राहणार नाही. बाळासो नावाचे सदस्य, मराठीचे निवृत्त प्राध्यापक, म्हणाले, "मॅडम, लोकांना कुठं माहीत आहे ते कसे बोलायचे?" आयुष्यभर यांनी वर्गात काय केलं असेल याचा अंदाज आला.

उद्घाटन पंचवीस डिसेंबरला ठरलंय, कारण 'त्यांचा सण'. ते ख्रिस्ती नव्हते, ज्यू होते, असं मी सांगितलं. राजवर्धन साहेब म्हणाले, "तेच ते, परदेशीच की." अंगणात अर्धपुतळा बसणार आहे, फेटा आणि उपरण्यासह. फोटोत डॉक्टरांच्या डोक्यावर साधी कानटोपी आहे.

मंगलबाईंना बोलावलंय का, असं विचारलं. का विचारलं माहीत नाही. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. राजवर्धन साहेब म्हणाले, "आवं, मोठ्या माणसाच्या घरी कामाला बाई आसतीच. त्याचा कशाला बोर्ड लावायचा? लोक भलतंच धरत्यात."

बासरी घालणार नाही असं सांगून उठले.

२३ नोव्हेंबर, रविवार

डॉक्टरांची कादंबरी वाचली, 'पाणवठ्याची चौकशी'. एक धनगर कुटुंब गावोगाव पाणी विचारत जातं, एवढीच गोष्ट. जुन्या आवृत्तीत प्रत्येक वाक्यानंतर नवी ओळ, निम्मं पान कोरं. कागदाची नासाडी. समितीने काढलेल्या नव्या आवृत्तीत बाळासोंनी सगळं सलग जुळवून पानं निम्मी केली आहेत. या माणसाशी माझं पहिल्यांदाच एकमत झालं आणि मला ते आवडलं नाही.

अण्णा पुन्हा पुलापाशी आले. मी ताट उचलायच्या आधी त्यांनी उचललं.

आई असताना ही गोष्ट मी पुरी कधी ऐकली नाही. पुण्यात होते. सुट्टीत येई तेव्हा अण्णा बाहेर सोप्यात बोलत असत आणि आई आतून भाकऱ्या थापता थापता काहीतरी पुटपुटत असे. लक्ष दिलं नाही. तिला जाऊन दोन वर्षं झाली. तिच्या आजारपणात मी आले ती राहिलेच. अण्णांना एकटं ठेवायला नको म्हणून, असं गावाला सांगितलंय.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मंगलबाई आल्या. न कळवता. जतहून गाड्या बदलत एसटीने. रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरमागे गाडी अडकली म्हणून भर दुपारी पोचल्या. साठीच्या पुढच्या, काटक. हातात घोंगडं. डॉक्टरांचं आहे म्हणाल्या. मला वाटलं विकायला आणलंय. तसं नव्हतं. ते पांघरून ऐकायचं होतं.

आवाज आईचा नाही हे मी पुन्हा सांगितलं. "डाक्टरचा तर हाय न्हवं," म्हणाल्या. हेडफोन नको म्हणाल्या, कान झाकल्यावर ऐकायचं कसं. स्पीकरवर साफ केलेली पहिली बाजू लावली.

थोडा वेळ ऐकलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हे कोन हाय?"

फांटल डॉक्टर, मी सांगितलं.

"न्हाई. डाक्टर असं सलग कवा बोललंच न्हाईत. ह्यो मानूस मागं कुत्रं लागल्यागत बोलतोय."

मोकळ्या जागा काढल्या आहेत हे मी समजावून सांगितलं. ऐकणाऱ्याचा वेळ वाचतो.

"मोकळ्या कुटं? तिथं आई हुती की."

मी शांतपणे म्हटलं की तुमची आई एकही शब्द बोललेली नाही.

"आवं, तिनं बोलायचं न्हवतंच. तिनं हं म्हनायचं."

मग त्यांनी मला समजावलं, लहान मुलाला समजवावं तसं. त्यांच्याकडे ओव्यांच्या रात्री एक जण कथा सांगतो आणि दुसरा प्रत्येक वाक्याला हुंकार देतो. हुंकार आला नाही तर सांगणारा पुढे जात नाही. ऐकणारा ऐकतोय की नाही हे कळल्याशिवाय कथा पुढे न्यायची नसते. डॉक्टर मराठी शिकले ते असल्या बैठकांत. त्यांना दुसरं बोलणं माहीतच नव्हतं. संध्याकाळी टेपरेकॉर्डर लावून बसायचे, आई समोर लोकर पिंजत बसायची.

मी मूळ प्रत उघडली. पहिलं वाक्य. थांबणं. त्या जागी तो बसका, दबका आवाज, जो मी पाटाला लागलेला गुडघा समजले होते.

"हं."

मंगलबाईंनी घोंगडं तोंडावर घेतलं. दुसऱ्या वाक्यानंतर काढलं. पुढे ती बाजू संपेपर्यंत त्या स्पीकरकडे बघत होत्या, डॉक्टरांच्या वाक्यांकडे त्यांचं लक्ष नव्हतं. मधेच हसायला लागल्या.

"झोपलीया बगा आता. हे झोपंतलं हं हाय. आई लय कंटाळायची त्यास्नी. तीच तीच बोट, तोच तो सातारा. पर हं चुकलं न्हाई कवा."

साताऱ्याची बाजू लावली. पाकीट परत आल्याचं वाक्य. त्यानंतरचं लांब थांबणं. मी कापलेल्या त्या जागेत आधी काहीच नाही. मग हं नाही, एक वेगळा आवाज, नाकातून सोडलेला लांब श्वास. मग "हं." त्यानंतर डॉक्टर पुढे बोलतात.

मंगलबाई म्हणाल्या, "मी येकदा इचारलं हुतं, डाक्टर, तुमी तुमच्या भाषेत का लिवत न्हाई? तर म्हनाले, त्या भाषेत मला हं म्हननारं कुनी ऱ्हायलं न्हाई."

जेवून जा म्हटलं. पिठलं-भाकरी केली. अण्णा आणि त्या जतच्या दुष्काळावर बोलत बसले. अण्णा बऱ्याच दिवसांनी इतकं बोलले. मंगलबाई दर वाक्याला हं म्हणत होत्या. मी भांडी घासली.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

झालं ते असं. माझ्याकडे नमुना होता. मी तो सुटा करून, मोठा करून, पुन्हा पुन्हा ऐकला होता. माणसाचा आवाज आहे हे ओळखलं नाही, कारण वाक्य बोललं तरच माणूस असं मी धरलं होतं. सॉफ्टवेअरची चूक नाही. त्याला खरखर कोणती हे मी सांगितलं होतं.

मी समितीला हसत होते. मी काढली ती बाई त्यांनीही काढली होती. त्यांना निदान ती होती हे ठाऊक होतं.

राजवर्धन साहेबांना फोन केला. फाइल चुकीची आहे, मूळ लांबीची दुसरी देते, हरणाबाईचं नाव लावा. ते म्हणाले, फाइल एकदम छान आहे, सगळ्यांना आवडली. मी पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, शांतता ऐकायला जतपर्यंत कोन येतंय?"

५ डिसेंबर, शुक्रवार

समितीला लेखी कळवलं. माझं नाव काढा, ही फाइल मला मान्य नाही. उत्तर म्हणून निमंत्रणपत्रिका आली. पुण्यातल्या कोणाकडून तरी बासरी घालून घेतली आहे असं कळलं. राग यावा इतकी या लोकांची उंची नाही, असं लिहिणार होते. पण आलाय.

एसटीने जतला गेले. मूळ सगळ्या बाजू मंगलबाईंच्या मोबाइलमध्ये भरून दिल्या आणि आवाज मोठा करणारा एक छोटा स्पीकर दिला. त्यांचा मुलगा बिरदेव मेंढरं घेऊन चाऱ्यासाठी खालच्या मुलखात गेलाय, उन्हाळ्यापर्यंत येणार नाही. घर स्मारकात गेल्यापासून त्या भावकीत राहतात. तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. घर डॉक्टरांचं होतं, म्हणाल्या, आईचं त्यात काय होतं. मग स्पीकरवर हात ठेवून म्हणाल्या, "हे हुतं."

२५ डिसेंबर, गुरुवार

उद्घाटनाला गेले नाही. रुसून नव्हे. बासरी ऐकायची नव्हती.

संध्याकाळी मंगलबाईंचा फोन. पुतळ्याला फेटा बांधलाय, डॉक्टर नवरदेव दिसतात. मंत्री उशिरा आले. केक कापला. बाळासोंनी भाषणात 'एकाकी साधक' असं दोनदा म्हटलं. मग डॉक्टरांचा आवाज लावला. मांडवात मागे धनगर मंडळी बसली होती, त्यातले म्हातारे डॉक्टरांना ओळखणारे. त्यांनी पहिल्या वाक्याला हं म्हणायला तोंड उघडलं तर डॉक्टर पुढच्या वाक्यात. दुसऱ्याला उघडलं तर तिसऱ्यात. "यष्टी सुटल्यागत. हात दाखवायला बी थांबंना." नानासो म्हणून एक म्हातारा आहे, तो उठून बाहेर गेला. त्याच्यामागून बाकीचे.

मग मंगलबाईंनी सगळ्यांना मेंढवाड्यावर नेलं आणि माझा स्पीकर लावला.

इथे त्या थांबल्या. मला वाटलं फोन कटला. स्क्रीन बघितली, चालू होता.

"हायस का तिथं?" मंगलबाई म्हणाल्या. पहिल्यांदाच अगं-तुगं केलं.

आहे म्हटलं, ऐकतेय.

"मग हं म्हन की, पोरी. मी कुनाला सांगाय लागलीया?"

मी हं म्हटलं. विचित्र वाटलं. त्यांनी पुढचं सांगितलं. म्हातारे आधी डॉक्टरांना हं म्हणत होते. मग हरणाबाईचा हं आला की सगळे गप्प राहायला लागले, तिचा एकटीचा ऐकायला. नानासो म्हणाला, हरणा अजून तशीच कंटाळलीय.

मी प्रत्येक वाक्याला हं म्हटलं. मोजले नाहीत.

२७ डिसेंबर, शनिवार

सांगलीच्या डॉक्टरांकडे अण्णांची सोमवारची वेळ घेतली होती. रद्द केली.

रात्री जेवताना अण्णा म्हणाले, त्या साली बर्फ लवकर पडलं. मी ताटात बघत हं म्हटलं. ते थांबले. मग म्हणाले, फुडं अर्जुना, मागं मी. हं. आवाज माझ्या अंदाजापेक्षा बसका निघाला. आईचा कसा होता ते आठवायचा प्रयत्न केला. आठवला नाही. माझ्याकडे त्याचं मुद्रण नाही.

"आमी पुलापाशी आलो," अण्णा म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं.

"हं," मी म्हटलं.

ही गोष्ट पुलापाशी संपते असं मी दोन वर्षं धरून चालले होते. पुलाच्या पलीकडे ती बरीच आहे. अर्जुना तिथे बर्फात राहिला, आणि अण्णा त्याची पेटी द्यायला जतला त्याच्या आईकडे गेले होते. भाकरी ताटात वाळली. अण्णांनी हात धुतला नव्हता. मीही उठले नाही.